चांगला चालणारा जुना लॅपटॉप बदलायचा कधी? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात बंद पडलेले लॅपटॉप येतात, तसे चांगले चालणारेही येतात. चांगला चालणारा घेऊन येणाऱ्याला दुरुस्ती नको असते, सल्ला हवा असतो: हाच अजून वापरू की नवा घेऊ? घोडबंदर रोडवरून, कळव्याहून, ऐरोली-कोपरखैरण्याहून येणाऱ्यांनी हा प्रश्न इतक्या तऱ्हांनी विचारलाय की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीशी वाटली. आमचं मत आधीच सांगतो. नुसतं वय झालं म्हणून लॅपटॉप बदलू नये. पण बदलायचं कारण खरोखर समोर असेल, तर तो बंद पडायची वाट पाहू नये. चालू आहे तोवरच सवडीने बदलावा.

सहा वर्षं झाली. आता बदलायलाच हवा ना?

असं काही नाही. वर्षं मोजून फारसं कळत नाही. आमच्याकडे आठ वर्षांचे ऑफिस-दर्जाचे लॅपटॉप येतात, ज्यांची रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) वाढवता येते, डिस्क बदलता येते, कीबोर्ड आणि बॅटरी सहज मिळते. त्याच दिवशी चार वर्षांचा पातळसा लॅपटॉप येतो, ज्यात ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि वाढवायला जागाच नसते. यातला दुसरा वयाने लहान, पण आधी निरुपयोगी होणार आहे.

मग बदलायची खरी कारणं कोणती?

आम्ही तीन गोष्टी पाहतो. पहिली, सुरक्षेचे अपडेट येतात की थांबलेत. दुसरी, ज्या भागामुळे काम अडतंय तो बदलता येतो का. तिसरी गोष्ट लोक सहसा विचारात घेत नाहीत: हा लॅपटॉप उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर तुमचं काय अडेल?

हे तिसरं नीट समजून घ्या, कारण बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो. वाशीतला एखादा आर्किटेक्ट, ज्याला सोमवारी नकाशे सादर करायचे आहेत, आणि त्याचे निवृत्त वडील, जे बातम्या वाचतात आणि नातवाशी व्हिडिओ कॉल करतात, या दोघांकडे अगदी सारखा सात वर्षांचा लॅपटॉप असला तरी उत्तर वेगळं असेल. वडिलांनी तो बंद पडेपर्यंत खुशाल वापरावा, अपडेट येताहेत तोवर. मुलाने मात्र वापरू नये. त्याचा लॅपटॉप बंद पडला तर हातातलं काम जाईल, आणि शिवाय घाईघाईत समोर मिळेल तो लॅपटॉप मिळेल त्या भावात उचलावा लागेल. सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं, पासवर्ड शोधणं, लायसन्स हलवणं यात जे दोन-चार दिवस जातात, ते याच आठवड्यात जातील.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. माझा तर अजून छान चालतोय!

चालणारच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. लॅपटॉप बंद होत नाही, फायली जात नाहीत. मात्र विंडोजमध्ये पुढे सापडणाऱ्या फटी बुजवल्या जात नाहीत, आणि अशा फटी दर महिन्याला सापडत असतात.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिच्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर असे पर्याय आहेत. आमच्याकडे आलेल्या कित्येकांना ही नोंदणी करावी लागते हेच माहीत नव्हतं. अपडेट आपोआप येत असतील या भरवशावर ते होते.

आणखी एक गैरसमज. ‘अँटिव्हायरस आहे, मग काळजी कशाला?’ अँटिव्हायरस ओळखीच्या घातक फायली अडवतो. विंडोजच्या स्वतःच्या गाभ्यातली फट तो बुजवू शकत नाही. ज्या लॅपटॉपवर नेट बँकिंग, डीमॅट खातं किंवा ग्राहकांची कागदपत्रं आहेत, त्याला अपडेटशिवाय इंटरनेटवर ठेवू नका. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधारही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेही तपासा.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का? नावावरून ओळखता येतं?

बऱ्याच अंशी येतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ‘आय५’ किंवा ‘आय३’ नंतरचे आकडे बघा. आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सातव्यातले मोजके अपवाद आहेत, पण घरगुती लॅपटॉपमध्ये ते जवळपास नसतातच. एएमडीचा रायझेन असेल तर लॅपटॉपमधले ढोबळमानाने ३००० मालिकेपासून पुढचे बरेचसे चालतात. याशिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हव्यात. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप चालवलं की स्पष्ट उत्तर मिळतं. काही लॅपटॉपमध्ये टीपीएम असतो पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेला असतो. तेवढ्यावरून ‘चालत नाही’ असं दिसलं, तर तो चालू करून पुन्हा तपासा.

या दोन पिढ्यांमधला फरक फक्त विंडोजपुरता नाही. आय५-७२००यू मध्ये दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, आय५-८२५०यू मध्ये चार, आणि वीज दोघांना जवळपास सारखीच लागते. म्हणून आठव्या पिढीचा लॅपटॉप आज जुना दिसत असला तरी आम्ही त्याच्यावर खर्च करायला बिचकत नाही. सातवीवर आणि त्याआधीच्यांवर करताना दोनदा विचार करतो.

चालत नसेल तरी जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात म्हणे?

देतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर आपण हे सगळं करतोय. कामाच्या लॅपटॉपवर आम्ही ते करून देत नाही.

लॅपटॉप फार हळू झालाय. फॉरमॅट मारून बघू का?

आधी कारण शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप अडखळत असताना त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये बघा: डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे, की मेमरी भरली आहे, की प्रोसेसर?

डिस्क १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर तुमचा लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, त्याची डिस्क झाली आहे. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात आणि दर वेळी डिस्कच्या टोकाला योग्य जागी पोहोचावं लागतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, माहिती मिलिसेकंदाच्या अगदी छोट्या भागात हाती येते. कॉपी करण्याचा वेगही साध्या डिस्कचा सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, तर साटा (SATA) जोडणीच्या एसएसडीचा ५०० च्या आसपास असतो. चांगल्या प्रोसेसरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकल्यावर जो फरक पडतो, तो बघून बरेच जण नव्याचा विचार सोडून देतात. आम्हालाही तेच आवडतं.

मेमरी सतत ८०-९० टक्के भरलेली दिसत असेल तर रॅम वाढवा. त्याच टॅबमध्ये ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ असते. त्यात ‘१ ऑफ २’ दिसलं तर सहसा एक जागा रिकामी आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेव्हा प्रकार बघून मगच घ्या.

प्रोसेसरच अडवत असेल, तर आधी पंखा आणि हीटसिंक साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून बघा. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की जीव वाचवण्यासाठी स्वतःहून वेग कमी करतात. धुळीने बंद झालेल्या जाळीमागे हेच चाललेलं असतं. घोडबंदर रोडला मेट्रोचं आणि रस्त्याचं काम सुरू झाल्यापासून तिकडून येणाऱ्या लॅपटॉपच्या जाळीत धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला दिसतो. सफाईनंतरही साध्या कामाला प्रोसेसर कमी पडत असेल, तर मात्र लॅपटॉप बदला. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळा बदलता येत नाही.

आणि फॉरमॅट? त्याने साचलेले प्रोग्रॅम जातात, थोडे दिवस हलकं वाटतं. डिस्क खराब होत चालली असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत अ‍ॅप डिस्कची प्रकृती दाखवतं. निळ्याऐवजी पिवळा रंग आणि ‘कॉशन’ दिसलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर बाकी काहीही करण्याआधी फायली दुसरीकडे काढून घ्या.

बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. एवढ्यासाठी नवा घ्यायचा का?

एवढ्यासाठी नको, बॅटरी बदला. आधी ती किती थकलीये ते मोजा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करून एंटर दाबा. एक अहवाल तयार होतो, त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. समजा पहिला ४१,००० आणि दुसरा १९,००० असेल, तर बॅटरीत निम्म्याहून कमी जीव उरलाय. लिथियम-आयन बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरतात, तेव्हा यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मेलेली बॅटरी असलेला लॅपटॉप सतत चार्जरला लावून वापरणं अनेकांना सोयीचं वाटतं. पण महावितरणची वीज क्षणभर गेली तरी तो जागच्या जागी बंद पडतो. एक्सेलची फाइल उघडी असेल, डिस्कवर काही लिहिलं जात असेल, तर ते तिथेच तुटतं.

फुगलेली बॅटरी हा मात्र वेगळा आणि तातडीचा विषय आहे. टचपॅड वर उचललेला दिसतो, त्याचं क्लिक जड होतं. लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, खालच्या झाकणाची शिवण एका कोपऱ्यात उघडते. कळव्याच्या एका शिक्षिका ‘माऊसचं बटण बिघडलंय’ म्हणून लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. झाकण काढलं तर आतली बॅटरी उशीसारखी टम्म फुगलेली होती आणि टचपॅडला खालून ढकलत होती. असं काही दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि लगेच काढून घ्या. नवी घेताना तिच्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो. स्वस्त नकली बॅटरीत वाचवलेले पैसे आम्हाला कधीच पटलेले नाहीत.

आम्ही खाडीजवळ राहतो. त्याने लॅपटॉप लवकर खराब होतो का?

दमट, खारी हवा धातूला त्रास देतेच. कोलशेत, बाळकुम, ऐरोली, वाशी या खाडीकडच्या भागांतून आलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये यूएसबीच्या तोंडाशी आणि बिजागरीच्या स्क्रूंवर गंज दिसतो, कधी बोर्डावर हिरवट डाग. पावसाळ्यात महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप रोज वापरल्या जाणाऱ्यापेक्षा लवकर बिघडतो, कारण चालू लॅपटॉपच्या उबेने आतली ओल सुकत राहते. जुना लॅपटॉप ‘वेळेला असू दे’ म्हणून ठेवला असेल तर जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तासभर चालू करा. बोर्डावर हिरवे डाग धरलेला लॅपटॉप आज चालत असला तरी महत्त्वाच्या कामासाठी त्याच्यावर विसंबू नका.

दुरुस्तीला किती खर्च येईपर्यंत दुरुस्ती करावी?

लोक खर्चाची तुलना लॅपटॉपच्या मूळ किमतीशी करतात. ‘पंचावन्न हजारांचा घेतला होता, मग आठ हजार काय जास्त?’ ती किंमत आता इतिहासजमा झाली. तुलना करायची ती अशी: दुरुस्तीनंतर जसा लॅपटॉप हातात येईल, तसाच सेकंडहँड बाजारात आज कितीला मिळतो? दुरुस्तीचा खर्च त्याच्या निम्म्याच्या आत असेल आणि लॅपटॉपवर विंडोज ११ चालत असेल, तर दुरुस्ती करा.

खर्च कशावर होतोय हेही बघा. एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड, चार्जिंग पिन, बिजागरी यांवरचा खर्च सहसा फळतो, आणि एसएसडी तर पुढे बाहेरच्या केसमध्ये घालून पेन ड्राइव्हसारखी वापरता येते. मदरबोर्डची गोष्ट वेगळी. चिप गरम करून पुन्हा बसवलेला बोर्ड वर्षभर चालतो किंवा महिन्यात परत येतो. ज्याच्यावर तुमचं पोट आहे त्या लॅपटॉपवर आम्ही हे सुचवत नाही. सुटे भाग किंवा दुरुस्तीची माहिती कंपनी देत नसेल तर केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल बघा, तिथे सहभागी कंपन्यांची सेवा आणि भागांची माहिती एकत्र मिळते. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मॉडेलचे भाग अजूनही मिळून जातात. दादरला गाडी बदलून जायची तयारी असेल तर चक्कर टाकण्यासारखी आहे.

माझं सगळं डीटीपीचं काम श्रीलिपी आणि पेजमेकरवर आहे. नव्या लॅपटॉपवर हे चालेल का?

हा प्रश्न ठाण्यात आम्हाला वरचेवर येतो आणि तो आम्हाला जवळचा आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायटीचे अहवाल, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापणारी माणसं वर्षानुवर्षं याच जोडीवर (श्रीलिपी मराठी फॉन्ट आणि टायपिंगसाठी, पेजमेकर पानं मांडण्यासाठी) काम करतात, आणि नवा लॅपटॉप परवडत असूनही केवळ या धास्तीने जुना धरून ठेवतात.

धास्ती रास्त आहे. जुने मराठी फॉन्ट देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. पेजमेकर ७ हे २००१ मधलं सॉफ्टवेअर आहे आणि त्याला युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसणारी आजची अक्षरपद्धत, कळत नाही. त्याच्या फायली थेट उघडणारी इनडिझाइनची (पेजमेकरच्या जागी आलेल्या सॉफ्टवेअरची) शेवटची आवृत्ती सीएस६. त्यापुढच्या आवृत्त्या त्या उघडतच नाहीत. आणि श्रीलिपीच्या अनेक जुन्या आवृत्त्या डोंगलवर, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या लायसन्सच्या चावीवर, चालतात. डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजने स्वीकारला नाही तर काम तिथेच थांबतं.

चराईतल्या एका ताईंचं काम आम्ही असं मार्गी लावलं. जुना लॅपटॉप ठेवला, त्याचं वायफाय कायमचं बंद केलं आणि त्याला फक्त जुन्या फायली उघडण्याचं काम दिलं. इंटरनेट नाही, त्यामुळे विंडोजचा आधार संपल्याचा धोका खूप कमी झाला. नवा लॅपटॉप ईमेल, पीडीएफ पाठवणं, बँक आणि नव्या कामांसाठी, आणि नवं टायपिंग सगळं युनिकोडमध्ये. पुन्हा लागणाऱ्या फायलींची यादी काढली. त्या निघाल्या एकूण ढिगाच्या अगदी थोड्या. तेवढ्यांचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, म्हणून प्रत्येक पान वाचून तपासावं लागलं. बाकी फायलींची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवली.

हे सगळं जमलं कारण जुना लॅपटॉप चालू होता. तो बंद पडल्यावर डोंगल आणि पेजमेकरच्या फायली घेऊन आलेल्या माणसाला मदत करणं फार कठीण जातं.

टॅली आणि डिजिटल सहीचं काय?

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी ‘सरेंडर’ करावं लागतं, मग नव्यावर सुरू करता येतं. जुनं मशीन सुरूच होत नसेल तर सपोर्टशी बोलाचाली करण्यात दिवस जातो. डिजिटल सहीची चावी यूएसबी टोकनमध्येच असते, त्यामुळे लॅपटॉप बदलल्याने तिला काही होत नाही. फक्त नव्यावर टोकनचा ड्रायव्हर टाका. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात लॅपटॉप बदलू नका, एवढी विनंती आहे.

विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स टाकावं का?

ब्राउझर, व्हिडिओ, ईमेल, लेखन एवढंच काम असेल तर जरूर. विंडोजऐवजी चालणाऱ्या या प्रणालीचे लिनक्स मिंट आणि उबुंटू हे प्रकार मोफत आहेत, अपडेट नियमित येतात आणि मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. टॅली, कोरल, श्रीलिपी किंवा ऑफिसच्या व्हीपीएनवर काम असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका.

माझ्याकडे मॅकबुक आहे, इंटेलचं.

२०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, तीही मोजक्याच मॉडेलांवर. पुढच्या सगळ्या आवृत्त्या २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ आणि नंतरच्या चिपसाठी. तुमच्या इंटेल मॅकला अजून सुरक्षा अपडेट येत असतील तर घाई नाही, पण बॅटरी किंवा पडद्यावर मोठा खर्च आला तर तो टाळा आणि ते पैसे नव्यासाठी ठेवा.

नव्याऐवजी रिफर्बिश्ड घेतला तर?

आम्ही स्वतः अनेकांना हेच सुचवतो. कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात आणि ते तपासून, दुरुस्त करून बाजारात येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांची बांधणी दणकट, भाग मिळतात, झाकण उघडणं सोपं. घेताना किमान आठवी पिढी धरा, दहावी-अकरावी मिळाली तर उत्तम. समोर बसून बॅटरीचा अहवाल काढायला लावा. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते दुकानातच तपासा. बिल आणि लेखी वॉरंटीशिवाय घेऊ नका.

दिवाळीपर्यंत थांबू का? भाव उतरतील ना?

गणपती ते दिवाळी सवलती असतात हे खरं. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव जोरात चढले, कारण मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरना माल देण्यात गुंतले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा सणाची सवलत आणि मूळ किमतीतली वाढ यांत वाढ भारी पडू शकते. जुना लॅपटॉप आपल्या तीन कसोट्यांवर नापास झाला असेल तर मुहूर्तासाठी थांबू नका. पास झाला असेल तर मुहूर्त असला तरी घेऊ नका.

नवा घेतला तर त्यात काय असावं?

१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि शक्य असेल तर रॅमचा एक मोकळा स्लॉट. हा स्लॉटच पुढे लॅपटॉपचं आयुष्य दोन-तीन वर्षं वाढवतो. यूएसबी-सी वरून चार्ज होणारा असेल तर चार्जर सहज मिळतो. सर्व्हिस सेंटर ठाण्यात किंवा वाशीत आहे का, आणि माणूस घरी येतो की लॅपटॉप नेऊन द्यावा लागतो, ते आधी विचारा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपची डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घरात ठेवा. ती नसेल तर पुढे आम्हीही फायली काढू शकत नाही.

व्यवसायासाठी घेतला तर करात काही फायदा?

संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर घेतलेल्याला पूर्ण, दिवाळीनंतरच्याला अर्धा. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के करही वजावटीत येतो, बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. गृहीत उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही. सीएंना विचारून घ्या.

नवा आला. जुना मुलीला देऊ, विकू की भंगारात टाकू?

महिनाभर काहीच करू नका. जुना जसाच्या तसा चालू ठेवा आणि कामं एकेक करून नव्यावर न्या. प्रिंटर, जुने फोटो, एखाद्या सरकारी साइटचा ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड, हे सगळं पहिल्या आठवड्यात आठवत नाही.

मुलीला द्यायचा असेल तर तिला काय करायचंय ते विचारा. आठवी-नववीच्या अभ्यासाला एसएसडी टाकलेला जुना लॅपटॉप पुरतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला देत असाल तर विंडोज ११ आणि १६ जीबी रॅम असल्याशिवाय देऊ नका, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा खर्च.

विकायचा असेल तर आधी सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, टॅलीसारखी लायसन्स सोडवा, मग विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये फायली काढून टाकण्याबरोबर डिस्क साफ करण्याचाही पर्याय निवडा. नुसत्या डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात. हार्ड डिस्क खराब होऊन साफ करता येत नसेल, तर ती काढून स्वतःकडे ठेवा आणि लॅपटॉप डिस्कशिवाय विका.

अगदीच निकामी झाला असेल तर दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, बॅटरी फोडली जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार कंपन्यांवर जुनी उपकरणं पुनर्प्रक्रियेसाठी गोळा होतील हे पाहण्याची जबाबदारी आहे. त्यांच्या संकेतस्थळावर जमा करण्याची ठिकाणं दिलेली असतात. आमच्याकडे आणून दिलात तरी आम्ही नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच पाठवतो. बॅटरी फुगलेली असेल तर ती लॅपटॉपमध्ये ठेवून लोकलच्या गर्दीतून आणू नका. आधी फोन करा, आम्ही माणूस पाठवतो.